स्कायलॅब पडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी

१ जूनला माझा फोन तापतो. सकाळी सहापासून शुभेच्छा सुरू होतात, फुलं, केक, गणपती, मावळता सूर्य (वाढदिवसाला मावळता सूर्य का पाठवतात कुणास ठाऊक), आणि मी पण दिवसभर दुसऱ्यांना पाठवत बसतो, कारण आमच्या दहावीच्या ग्रुपवरल्या निम्म्याहून जास्त लोकांचा वाढदिवस त्याच दिवशी असतो. ग्रुपचा ॲडमिन हुशार आहे. तो एकाच केकचा फोटो टाकतो आणि खाली लिहितो, "सर्व संबंधितांना."

मराठवाड्यात माझ्या वयाच्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. शाळा जूनमध्ये भरायची, त्याआधी गुरुजी गल्लीगल्लीतून पोरं गोळा करायचे, पहिलीत घालायला सहा वर्षं पूर्ण पाहिजेत असा नियम, आणि जन्मतारीख विचारली की आईबाप एकमेकांच्या तोंडाकडं बघायचे. मग परीक्षा एकच. उजवा हात डोक्यावरून घ्यायचा आणि डावा कान धरायचा. कानाला बोटं टेकली की पोरगं सहा वर्षांचं. माझे हात लहानपणापासून लांब, आप्पा म्हणायचे माकडासारखे, त्यामुळं जून १९८४ मध्ये माझी बोटं आरामात कानाला लागली आणि गुरुजींनी रजिस्टरात लिहिलं, १-६-१९७८. खालच्या पोराचं १-६-१९७८. त्याच्या खालच्याचं पण तेच. वरून खाली तीच तारीख, जसं काही त्या दिवशी गावात पोरांचा पाऊस पडला होता.

या तारखेचा हिशोब नोकरीत गेल्यावर कळतो. ज्याचा जन्म महिन्याच्या एक तारखेचा, त्याला आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी रिटायर करतात. म्हणून आमच्याकडं ३१ मेला सगळ्या ऑफिसांत हार, नारळ, शाल, पेढे आणि एका मांडवात सहा-सहा निरोप समारंभ. माझा पण त्यातच होणार, ३१ मे २०३६, अठ्ठावन्न पूर्ण म्हणून. तो नेमका किती महिने आधी होणार, हे मला परवा-परवापर्यंत माहीत नव्हतं.

झालं असं की पोरीला शाळेतून प्रोजेक्ट मिळालं. घरातल्या प्रत्येकाच्या जन्मदिवशी जगात काय घडत होतं ते शोधून चार्टवर लिहायचं. तिची स्वतःची तारीख दवाखान्यातली, वेळ मिनिटापर्यंत पक्की. तिच्या आईची पण पक्की, ती शहरातली. माझी तारीख तिनं मोबाइलमध्ये घातली आणि वाचून दाखवलं की १ जून १९७८ ला अर्जेंटिनात फुटबॉलचा वर्ल्ड कप सुरू झाला, पहिली मॅच पश्चिम जर्मनी आणि पोलंड, स्कोअर शून्य-शून्य.

"पप्पा, तुमच्या वाढदिवसाला गोल पण नाही झाला," पोरगी म्हणली.

माय शेजारी बसून शेंगा सोलत होती. ती मान वर न करता म्हणली, "कशाचं एक जून अन् काय. एक जूनला उन्हाळा ऱ्हातो. हा भर पावसाळ्यातला हाय. घर गळायलं होतं. इस्कायलाप पडलं न्हाई का, त्याच्या दुसऱ्या दिशी झाला हा."

हे मी काही पहिल्यांदा ऐकलं नव्हतं. लहानपणी गावात मला स्कायल्याच म्हणायचे, अजून दोन-तीन म्हातारे म्हणतात. पण हे टोपणनाव म्हणजे एक तारीख आहे, खिशात घालून पंचेचाळीस वर्षं फिरवलेली तारीख, हे डोक्यात कधी आलंच नाही. मी मोबाइल घेतला आणि स्कायलॅब, म्हणजे अमेरिकेची अंतराळातली प्रयोगशाळा, कधी पडलं ते बघितलं. ११ जुलै १९७९, बुधवार, आपल्या घड्याळात रात्री दहा वाजून गेल्यावर. म्हणजे मी १२ जुलै १९७९ चा. गुरुजींनी मला एका झटक्यात तेरा महिने आणि अकरा दिवसांनी मोठं केलं होतं. पहिलीत बसलो तेव्हा मी पाच वर्षांचा पण नव्हतो, आणि पाढे पाठ होत नाहीत म्हणून खाल्लेल्या छड्या आठवून मला त्या दिवशी नव्यानं राग आला. वर पगाराचं गणित. खरी तारीख असती तर ३१ जुलै २०३७. चौदा महिन्यांचा पगार त्या लांब हातांनी खाल्ला.

पण आईच्या एका वाक्यावर विश्वास ठेवायचा कसा? मी क्लार्क माणूस. पुरावा लागतो.

कागदाचा पुरावा शोधून झाला होता. २०२३ च्या दिवाळीच्या आसपास आख्खा मराठवाडा जुनी दप्तरं उपसत होता, कुणबी नोंदींसाठी. न्यायमूर्ती शिंदे समितीचं काम चालू, तहसीलमध्ये गाठोडी सोडलेली, मोडी वाचणारा माणूस शोधायला लोक जिल्ह्याबाहेर जायले, उर्दू वाचणाऱ्या म्हाताऱ्यांना अचानक चहाचं आमंत्रण. आमच्यातले पण गेलते, मी पण गेलतो. निजामाच्या राज्यातले कागद, त्यावर साल फसली, त्यात ५९० मिळवायचे तेव्हा इंग्रजी साल निघतं. गाव नमुना १४, ज्याला कोतवाल बुक म्हणतात, त्यात जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी. कोतवालानं लिहून ठेवलेलं, अमक्याला मुलगा, तमक्याची म्हातारी वारली, तापानं. लोक त्यात जात शोधायले आणि माझी नजर भलतीकडंच, किती बाळांना नावच नाही, नुसतं 'मुलगा', आणि त्यातल्या काहींची खाली दोन पानांवर मृत्यूची नोंद. तेव्हा सहज म्हणून माझ्या सालचं रजिस्टर विचारलं. ते पावसात भिजून गेलं म्हणाले. छत तिथंही गळत होतं.

म्हणून मग तोंडी साक्ष. माय एक, आणि गावातली आत्या दुसरी. आत्याला फोन लावून स्पीकरवर ठेवला.

मायचं म्हणणं असं. आखाडीची पुनव होऊन दोन-तीन दिवस झालते, वारीला गेलेले लोक गावात परत आलते, आजीनं पंढरपूरचा बुक्का आणलेला. पुनवेचा हिशोब मी लगेच तपासला, १९७९ ची आषाढी पौर्णिमा ९ जुलैला होती. एक टिक. दुसरं, तो बेस्तरवार होता, कारण आप्पा बाजारला जायच्या तयारीत होते आणि माझ्यामुळं जाता आलं नाही, घरात तेल नव्हतं, आजीनं त्यावरून आठ दिवस बोलून दाखवलं. १२ जुलै १९७९ ला गुरुवार. दुसरी टिक. माझ्या पोटात गुदगुल्या व्हायला लागल्या. आयुष्यभर सरकारी कागदावर 'जन्मतारीख' या रकान्यात खोटं लिहीत आलेल्या माणसाला असं काही जुळायला लागलं की कसं वाटतं ते सांगता येत नाही.

आत्यानं घोळ घातला. "वैनी, आदल्या दिशी. बुधवारीच झालंय पोरगं. बकरं कापलं त्या दिशी."

आता हे बकरं.

रेडिओवर पंधरा दिवस चाललं होतं की अमेरिकेचं काहीतरी आभाळातून पडणार आहे, कुठं पडेल सांगता येत नाही. खरं म्हणजे भीती वाटावी असंच होतं. ७७ टनांच्या आसपास वजनाची ती प्रयोगशाळा १९७३ मध्ये वर पाठवलेली, तीन वेळा माणसं जाऊन राहिली, शेवटची तर ८४ दिवस. मग रिकामी पडली. सूर्यावरचा उत्पात अंदाजापेक्षा जास्त निघाला, त्यानं वरची विरळ हवा तापून फुगली, त्या हवेच्या घर्षणानं हे धूड खाली खाली यायला लागलं, आणि त्याला वर ढकलायला जे नवीन यान न्यायचं ठरलं होतं ते वेळेत तयारच झालं नाही, ते उडालं १९८१ मध्ये. म्हणजे तिकडं पण आमच्या नळयोजनेसारखंच, टाकी तयार पण मोटर यायची बाकी.

जिंतूर तालुक्यातल्या आमच्या खेड्यात यातलं एवढंच पोचलं की आभाळ पडणार. पोस्टमननं सांगितलं आगीचा गोळा असेल, कुणी म्हणलं येलदरीच्या धरणातच पडतंय, धरण फुटतंय. काही लोकांनी पेरणी थांबवली, पेरून खाणार कोण? एकानं उधारी मागायला आलेल्या दुकानदाराला सांगितलं, गुरुवारनंतर ये, राहिलो तर देतो. आणि आमच्या शेजारच्या घरी कंदुरीसाठी बोललेलं बकरं होतं, त्यांच्या म्हाताऱ्यानं विचार केला की मरायचंच आहे तर बकरं उपाशी पोटानं कशाला ठेवायचं, म्हणजे स्वतःच्या उपाशी पोटानं. बुधवारी दुपारी बकरं कापलं. गल्लीला जेवण. बाया संध्याकाळपासून मसाला वाटायल्या, लोक खाऊन अंगणात आभाळाकडं बघत बसले, पुनव नुकतीच झालेली पण ढगं, चांद धड दिसत नव्हता. कुणी झोपलं नाही.

"मंग ते बकरं तू खाल्लंस का न्हाई?" आत्या फोनवर.

इथं माय भडकली. शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. "मी? मी कुटं खाल्लं? मला दिवस बुडायलाच कळा लागल्या. आत पडले मी एकटी, सुईण मसाला खाऊन आलेली, तिच्या हाताचा वास यायला. तुमी समदे भायेर वाढ-वाढ करायले. सासूबाईला म्हणलं वाटीभर रस्सा तरी द्या, तर म्हणल्या बाळंतिणीला असलं देत न्हाईत. एक बोटी न्हाई मिळाली मला. तांबडं फुटायला हा झाला, तवर पातेलं धुऊन पालथं."

फोनवर आत्या गप्प. मग म्हणली, "व्हय वैनी. तुमाला न्हाई मिळालं."

झालं. बकरं बुधवारी रात्री खाल्लं आणि पातेलं पालथं पडल्यावर मी आलो. पौर्णिमा विसरता येते, वार इकडचा तिकडं होतो, पण न मिळालेल्या मटणाची आठवण चुकत नाही. मी पोरीला म्हणलं चार्टवर लिही, १२ जुलै १९७९, गुरुवार, पहाटे.

मग रात्री सगळे झोपल्यावर मी एकटाच शोधत बसलो, आणि खरं सांगायचं तर थोडं वेड लागल्यासारखं झालं. तुमची तारीख तुम्हाला पहिल्यापासून माहीत असते, तुम्ही कधीतरी पेपरात राशिभविष्याशेजारी 'आजचे दिनविशेष' वाचून मोकळे झालेले असता. मला पंचेचाळिसाव्या वर्षी मिळाली, मी काय सोडतोय.

स्कायलॅबचे तुकडे हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात पडले, एस्परन्स नावाच्या गावाच्या आसपास. त्या गावाच्या नगरपालिकेनं अमेरिकेच्या नासाला उघड्यावर कचरा टाकल्याबद्दल ४०० डॉलरची पावती फाडली, हे वाचून मला एवढं हसू आलं की बायको उठली. तिथं स्टॅन थॉर्नटन नावाचा सतरा वर्षांचा पोरगा होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका पेपरनं बक्षीस लावलेलं, जो ७२ तासांत पहिला तुकडा आणून देईल त्याला १०,००० डॉलर. त्याला घरापाशी जळके तुकडे सापडले, ते घेऊन तो विमानानं थेट अमेरिकेत गेला आणि बक्षीस घेऊन आला. आमच्या गल्लीनं आभाळाच्या भीतीनं बकरं घालवलं, आणि त्याच्या अंगणात तेच आभाळ दहा हजार डॉलर टाकून गेलं.

त्याच १२ तारखेला एक देश जन्मला. किरिबाटी, उच्चार म्हणे किरिबास. प्रशांत महासागरात पसरलेली तेहतीस बेटं, त्या दिवशी इंग्रजांपासून स्वतंत्र झाली. आज लोकसंख्या सव्वा लाखाच्या आसपास, म्हणजे परभणी शहराच्या निम्म्याहून कमी. समुद्र वर येतोय आणि बहुतेक जमीन जेमतेम दोन-तीन मीटर उंच. मी नकाशावर ती टिंबं बोटानं मोठी करून बराच वेळ बघत होतो. तिथं १२ जुलैला सुट्टी असते, संचलन असतं. म्हणजे पंचेचाळीस वर्षं माझ्या वाढदिवसाला कुठंतरी झेंडा फडकत होता आणि मी इकडं १ जूनला केक कापत होतो.

क्रिकेट पण सापडलं. त्याच गुरुवारी एजबॅस्टनला भारताची टेस्ट सुरू झाली, वेंकटराघवन कॅप्टन, इंग्लंडनं पाच बाद ६३३ करून डाव सोडला, गॉवर नाबाद २००, बॉयकॉट १५५. पडलेल्या पाचही विकेटी एकट्या कपिलच्या. हरलो, डावानं. आप्पांना क्रिकेटचं वेड होतं, त्यांनी हे ट्रान्झिस्टरला कान लावून ऐकलं असणार, एकीकडं नवीन पोरगं आणि एकीकडं गॉवर. माझ्या जन्माच्या वेळी आप्पांचं तोंड पडलेलं होतं असं आजी सांगायची, त्याचं कारण मला आता कळलं, मी उगीच मनाला लावून घेतलं होतं.

दिल्लीत त्याच आठवड्यात मोरारजी देसाईंचं सरकार कोसळायला लागलेलं. अविश्वासाचा ठराव आपल्या यशवंतराव चव्हाणांनी मांडलेला, आणि मी तीन दिवसांचा असताना, १५ जुलैला, मोरारजींनी राजीनामा दिला. माझी पाचवी पुजायच्या आत सरकार गेलं. मायला विचारलं, मोरारजी गेले ते आठवतं का? "कोण?" म्हणली.

आमच्या घरात सगळ्यांच्या तारखा अशाच आहेत. आप्पा रझाकाराच्या साली मांडीवर होते, आजी त्यांना घेऊन ज्वारीच्या फडात लपली, म्हणजे १९४८. थोरली बहीण बहात्तरच्या दुष्काळातली, माय पोटुशी असताना खडी फोडायला जायची, अमेरिकेची लाल मिलो आणि सुकडी खाऊन ती बाई जन्मली, आणि अजून घरात काही उरलं की टाकू देत नाही. चुलतभाऊ इंदिरा गांधी गेल्या त्या दिवशीचा. भाचा किल्लारीच्या भूकंपाच्या रात्रीचा, ३० सप्टेंबर १९९३, आदल्या दिवशी गणपती बुडवलेले, पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली तेव्हा बहीण परभणीच्या दवाखान्यात होती आणि भांडी खडखडली म्हणून बाळंतीण बाया रस्त्यावर आणून बसवल्या. तिकडं लातूर-उस्मानाबादकडं हजारो माणसं ढिगाऱ्याखाली गेली, आणि इकडं ती पोरगं घेऊन रस्त्यावर. त्याचा वाढदिवस तिनं कधी मोठ्यानं केला नाही.

याच नादात मी शाळेतल्या एका मित्राला फोन केला, आम्ही एका बाकावर बसायचो, तो पण १ जूनवालाच. म्हणलं तुझी खरी तारीख शोध, मजा येते. तो जरा थांबला. म्हणला, "माझी आई तारीख सांगत नाही रे. ती सांगते घर जळलं तेव्हा तू सहा महिन्यांचा होतास."

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि त्यानंतर मराठवाडाभर दलित वस्त्या पेटवल्या. नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला, तेव्हा आम्ही शाळेत होतो, तेव्हाही तो यावर काही बोलला नव्हता आणि मी विचारलंही नव्हतं. त्याचं गाव आमच्यापासून दहा-बारा किलोमीटर. त्याची आई त्याला पोटाशी बांधून रात्री ओढ्यातनं चालत मामाच्या गावाला गेली. कागद, भांडी, कोंबड्या, सगळं गेलं. म्हणजे ज्या वर्षी आमची गल्ली अंगणात बसून आभाळ कधी पडतंय याची वाट बघत मटण खात होती, त्याच्या आदल्याच वर्षी हे झालेलं होतं, पेटवणारे आभाळातून आले नव्हते, आसपासच्याच गावांतले होते, आणि आमच्या घरातल्या एकाही माणसाच्या वाढदिवसाच्या हिशोबात ते साल कधी आलं नाही. मी मायला विचारलं, नामांतराच्या वेळेस आपल्याकडं काय झालतं? ती शेंगा सोलत राहिली. मग म्हणली, "लई वाईट झालं." एवढंच.

मित्राला मी म्हणलं, सहा महिने म्हणजे जानेवारी-फेब्रुवारी ७८ निघतो. तो म्हणला, "निघू दे. आपण एक जूनच ठेवू. बाबासाहेबांचं नाव घेऊन गुरुजींनी लिहिलेली तारीख आहे." त्याचे गुरुजी वेगळे होते, दुसरे. मी पुढं काही बोललो नाही.

सर्व्हिस बुकातली तारीख बदलून मिळते का ते पण विचारून बघितलं. नोकरीला लागून पाच वर्षांच्या आत अर्ज करायला पाहिजे होता म्हणे. ते सोडून द्या.

यंदा १२ जुलैला मी कुणाला न सांगता घरी वाढदिवस ठरवला. संध्याकाळी ऑफिसातून येताना मटण घेऊन आलो, किलोभर, आणि मायसमोर पिशवी ठेवली. म्हणलं, "माय, तुझी बाकी द्यायची आहे."

तिनं पिशवीकडं बघितलं, मग गळ्यातली तुळशीची माळ दोन बोटांनी वर उचलून दाखवली. नऊ वर्षं झाली माळ घालून. आनंदाच्या भरात माझ्या डोक्यातूनच गेलं होतं.

"त्या टायमाला द्यायचं असतं," माय म्हणली. आणि मग स्वयंपाकघराकडं बघून सुनेला ओरडून सांगितलं, "मसाला नीट भाज गं. अन् पोरीला पयलं वाढ. कुणाला भायेर वाढत बसू नका."